धोंड्याचं विरजण

दगड ही माणसाने काळाकडे ठेवलेली सर्वांत जुनी ठेव आहे. राज्यं जातात, भाषा बदलतात, माणसं विसरली जातात. दगड तेवढा राहतो.

डॉ. शार्दूल क्षीरसागर याने हे वाक्य आपल्या प्रकल्पाच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लिहिलं, तेव्हा त्याच्या पुण्यातल्या स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला मधोमध तडा गेलेला होता आणि भांड्यांचं पाणी त्यातून खालच्या कपाटात, नेमकं रव्याच्या डब्यावर ठिबकत होतं. समिधा, त्याची बायको, कुणाला तरी बोलव म्हणून मागे लागली होती. तो म्हणत होता, थांब, मोठा उपाय निघतो आहे.

मोठा उपाय म्हणजे एक जिवाणू. लोणारच्या खाऱ्या, बुळबुळीत पाण्यात राहणाऱ्या एका जातीवर प्रयोगशाळेत बरेच संस्कार करून तो तयार केला होता. त्याला दुधातलं प्रथिन आणि किंचित चुना खायला घातला, की तो स्वतःभोवती कॅल्साइटचा एक कण बांधतो. कॅल्साइट म्हणजे शिंपल्यात आणि खडूत असतं तेच. कण बांधून झाला की जिवाणू त्यातच गाडला जातो. अशा कोट्यवधी समाध्या एकमेकींना चिकटल्या की दगडातली फट बुजते. खाणं बंद केलं की उरलेले जिवाणू बीजरूपाने झोपी जातात, पुन्हा खायला मिळेपर्यंत. सरकारी नोकरीत हे गुण नवे नाहीत, पण दगडावर त्यांचा उपयोग पहिल्यांदाच होत होता.

त्याआधी जुन्या देवळांना आणि लेण्यांना राळेचे आणि रसायनांचे लेप देत. लेपाने दगडाचा श्वास कोंडायचा, ओल आत अडकायची आणि काही वर्षांनी लेपाचा पापुद्रा गळून पडताना मूर्तीचं नाकही सोबत घेऊन जायचा. शिवाय धुवून निघालेलं रसायन खालच्या ओढ्यात. जिवाणूत विष नव्हतं. त्याचं खाणं डेअरीत पनीर काढून उरलेल्या पाण्यावर भागत होतं. पुरातत्त्व खात्याने प्रकल्पाला ‘अश्मसंजीवन’ असं नाव दिलं आणि नाव दिल्यामुळे निम्मं काम झालं असं धरून चाललं.

अडचण एकच होती. कण दगडाला धरायचा तर दगडातही थोडा मोकळा चुना लागतो, आणि आपल्याकडचा दगड काळा. लाव्हा थिजून झालेल्या या खडकात चुना असतो, पण तो इतर खनिजांच्या मुठीत घट्ट धरलेला. जिवाणूने ती मूठ सोडवावी अशी अपेक्षा होती. प्रयोगशाळेत काळ्या पाषाणाचे तुकडे महिनोन्‌महिने दुधाच्या पाण्यात बसून राहिले आणि शेवटी नुसते वास मारायला लागले. शार्दूलने घरच्या ओट्यालाही तो लावून पाहिला. ओट्याला लाल मुंग्या आल्या.

संचालक डॉ. नाडगौडा बाईंचं म्हणणं पडलं की दोष प्रयोगशाळेत आहे. दगडाला उघड्यावर, ऊनपावसात, त्याच्या स्वतःच्या वातावरणात तपासा. म्हणणं बरोबरच होतं, पण उघड्यावरचं एकही देऊळ या दुधाला तयार होईना. विश्वस्त मंडळं ‘जिवाणू’ या शब्दापाशीच उठून जात. राहता राहिली सासुरवाडी. जावयाला नाही म्हणण्याची सोय आपल्या समाजाने अजून काढलेली नाही.

समिधाचे वडील रंगनाथ गुरव हे धामणटेकच्या महादेवाचे पिढीजात पुजारी. देऊळ ओढ्याकाठी, लहान. पुढे उघड्यावर नंदी. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि धुराने तो इतका काळा झाला होता की त्याच्यापुढे बाकीचा काळा दगड राखाडी वाटावा. डाव्या कानापासून मानेपर्यंत एक तडा. शार्दूल त्या तड्याच्या प्रेमातच पडला.

“मामा, नंदी जुना आहे ना?”

“जुनाच की. आमच्या वडलांनी बसवलाय.”

पुन्हा बसवला असेल, अशी शार्दूलने मनात दुरुस्ती केली. खेड्यातला माणूस इतिहास सांगताना मधली सात-आठशे वर्षं गाळतो, हे त्याने वाचलं होतं. त्याने तपासणीसाठी एक कपचा काढू द्या म्हटलं, तेव्हा रंगनाथमामांचा चेहरा पडला. देवाला छिन्नी लावू नका, बाकी काय वाटेल ते करा, असं ते म्हणाले. मग पुढे काहीतरी सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. जावयाचा चहा निवू द्यायचा नसतो, त्यामुळे ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गावाला समजावून सांगण्याचा कार्यक्रम झाला. सूक्ष्मजीव, खनिज, पर्यावरणस्नेही वगैरे शब्द शार्दूलने वापरून पाहिले. समोरच्या बाया त्याच्याकडे जावयाकडे पाहावं तशा, म्हणजे आदराने आणि काही न ऐकता, पाहत होत्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, “हे विरजणासारखं समजा. दुधात विरजण घातलं की दही लागतं ना, तसं फटीत हे घातलं की दगड लागतो.”

सगळ्या माना एकदम डोलल्या. शार्दूलला वाटलं, आपल्याला लोकांशी बोलता येतं. पुढे जे घडलं त्याची सुरुवात नेमकी या समाधानापासून झाली.

नंदीच्या कानातली फट तीन आठवड्यांत बुजली. प्रयोगशाळेत जे वर्षभरात साधलं नव्हतं ते इथे डोळ्यांदेखत झालं होतं. नखाने उकरलं तर नख तुटावं इतकं पक्कं. नाडगौडा बाई स्वतः येऊन पाहून गेल्या. इतका वेग कशामुळे, हे मात्र कुणाला सांगता येईना. शार्दूलने अहवालात लिहिलं की ‘स्थानिक सूक्ष्म-वातावरण अनुकूल आहे’. हे वाक्य कशालाही लागू पडतं, म्हणून कुणी खोडलं नाही. पाठोपाठ घोषणा झाली की पावसाळ्यापूर्वी राज्यातल्या अकरा किल्ल्यांवर ड्रोनने फवारणी होईल. शार्दूलचा फोटो पेपरात आला. त्यात त्याच्या मागे नंदी होता आणि खालच्या ओळीत दोघांच्या नावांची अदलाबदल झाली होती.

इकडे धामणटेकने शास्त्रज्ञाचा शब्द प्रमाण मानला होता. विरजण म्हटल्यावर ते शेजारणीकडून मागून आणायचं असतं. पहिल्यांदा कुणीतरी नंदीच्या कानामागचा ओलसर थर चमचाभर खरवडून नेला, दुधात कालवला, त्यात तंबाखूच्या डबीतला चुना टाकला आणि गळक्या हौदाला लावला. हौद गळायचा थांबला. मग वाटी घेऊन बाया एकमेकींच्या दारात जायला लागल्या. उद्याच्यासाठी थोडं बाजूला काढून ठेवायचं हेही कुणाला शिकवावं लागलं नाही. दिवेलागणीनंतर विरजण द्यायचं नाही हा रिवाज तेवढा गावाने कडक पाळला. जिवाणूचा प्रसार त्यामुळे निम्म्या वेगाने झाला, असा हिशेब शार्दूलने पुढे मांडला. साथ रोखण्याचा तेवढा एकच उपाय गावात अमलात होता.

समिधाला हे सगळं आईच्या फोनवरून कळत होतं. स्लॅबच्या भेगा बुजल्या, शाळेची भिंत सांधली, संडासाची टाकी बरी झाली. फक्त पाट्याला आणि जात्याला ते काही धरत नाही, अशी मामींची तक्रार होती.

“वेळ लागतो म्हणावं,” शार्दूल म्हणाला.

त्या वर्षी अधिक महिना वैशाखात आला. धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. दगडाचा डॉक्टर असलेल्या जावयाला धोंड्याचं वाण देताना धामणटेकला कोण आनंद झाला होता. वेशीत सरपंच रोहिणीताई ढाकणे हार घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मोठ्या कौतुकाने गाव फिरवून दाखवलं आणि शेवटी विहिरीपाशी नेलं.

विहीर देवळामागे होती. गुरवांच्या इनामातली, पण अख्खं गाव तिच्यावर प्यायचं. काही वर्षांपूर्वी योजनेतून तिला आतून काँक्रीटची रिंग बांधली होती आणि झरे आत यावेत म्हणून रिंगमध्ये ओळीने भोकं ठेवली होती. योजना असल्यामुळे रिंग पहिल्याच वर्षी तडकली. संक्रांतीच्या सुमाराला पंचायतीने ठराव करून दोन घागरी विरजण विहिरीत सोडलं.

“एक भेग राहिली न्हाई बघा, सर,” रोहिणीताई म्हणाल्या. “पाणी तेवढं जरा खाली गेलंय. उन्हाळा हाये.”

शार्दूलने आत वाकून पाहिलं. पाणी जरा खाली गेलेलं नव्हतं. तळाशी उरलं होतं. आणि वरपासून खालपर्यंत रिंगच्या अंगावर पांढरी, जाड साय धरली होती. भोकं दिसतच नव्हती.

आपल्या मुलखातला खडक पाणी पीत नाही. तो पाणी धरतो ते फटींमध्ये. लाव्हाच्या एका थरावर दुसरा थर, मध्ये सांधे, आणि त्या सांध्यांतून पावसाचं पाणी वर्षभर हळूहळू सरकत विहिरींना येतं. आपण काय केलं? दगडातली प्रत्येक फट शोधून ती बुजवणारा जीव तयार केला, आणि तो पाण्यात सोडला. पुढच्या महिन्यात तो अकरा किल्ल्यांवरून, पहिल्या सरींबरोबर, अकरा खोऱ्यांत उतरणार होता. किल्ले वाचले असते. त्यांच्याकडे बघायला खाली कुणी राहिलं नसतं.

दुपारी वाण झालं. मामींनी तेहतीस अनारशांचं ताट, वर दिवा, जावयाच्या हातात दिलं. पानात पुरणाचे धोंडे होते. शार्दूलने एक उचलला आणि तसाच परत पानात ठेवला. बाहेर टँकरचा भोंगा वाजला. टँकरला हल्ली ड्रायव्हर नसायचा, पण उशिरा येण्याची पद्धत त्याने जशीच्या तशी उचलली होती. मामी पान सोडून हंडे घेऊन धावल्या, तेव्हा रंगनाथमामा कुणाकडेच न बघता म्हणाले की या विहिरीने त्यांच्या जन्मात कधी टँकर दाखवला नव्हता.

हात धुवायला म्हणून तो परसात गेला. समिधा मागोमाग आली.

“विहीर माझ्यामुळे आटली आहे,” तो म्हणाला.

“रोहिणीताई म्हणाल्या उन्हाळा आहे.”

“भोकं बुजली आहेत. आतले झरेही बुजले असणार. थांबवलं नाही तर सगळीकडे हेच होईल. आणि थांबवायचं तर माझं सगळं खोटं होतं, असं मलाच सांगावं लागेल.”

“नोकरी जाईल?”

“बहुतेक.”

“आणि सांगितलं नाहीस तर?”

“पाणी जाईल.”

समिधाने टॉवेल पुढे केला. “मग मला कशाला सांगतोस? परवानगी हवी आहे की साक्षीदार?”

त्याने नाडगौडा बाईंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एका खेड्यातल्या एका विहिरीवरून राज्याचा कार्यक्रम थांबवायचा का, असं विचारलं. मंत्र्यांची वेळ घेतली आहे हेही सांगितलं. मग त्यांचा आवाज एकदम मायेचा झाला. “क्षीरसागर, तुम्ही सासुरवाडीला आहात ना? धोंडे खा. आठवडाभराने बोलू.”

आठवडाभराने ड्रोन भरलेले असणार होते. शार्दूलने तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर बसून सविस्तर निवेदन लिहिलं: जिवाणू खडकातले सांधे बुजवतो, त्याने एका गावाचा झरा मारला आहे, आणि याला मी जबाबदार आहे. ते त्याने पाणीपुरवठा खात्याला, भूजलवाल्यांना आणि दोन वर्तमानपत्रांना पाठवलं. पाठवल्यावर त्याला फार मोकळं वाटलं. हे वाटणं संध्याकाळच्या चहापर्यंत टिकलं.

दोन दिवसांत फवारणी स्थगित झाली. शार्दूलही स्थगित झाला. त्याच्या हातातल्या घड्याळानेच त्याला ते थरथरून कळवलं. पांढऱ्या कपड्यातली माणसं येऊन नंदीला पिवळी पट्टी गुंडाळून गेली आणि घराघरांतून विरजणाच्या वाट्या गोळा करून नेल्या. त्यात साध्या दह्याच्याही गेल्या. गाव पेटून उठलं. पण धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलायचं कसं? म्हणून गावाने रंगनाथमामांना धरलं. पारावर, दळणाच्या गिरणीत, टँकरच्या रांगेत, जो तो त्यांनाच विचारी की असला जावई कुठून शोधला. मामा ऐकून घेत. घरी आल्यावर मात्र जावयाच्या पानात तूप जरा जास्तच वाढत. ते तूप शार्दूलला शिव्यांपेक्षा जड गेलं. परत जावं तर विहीर तशीच टाकून जाणं होतं, राहावं तर समोर सासऱ्याचा हा चेहरा. तो घरातून देवळात आणि देवळातून विहिरीवर नुसता येरझारा घालत होता.

शेवटी तो म्हणाला, मी खाली उतरतो. निदान एखादं भोक फोडून, झरा किती आतपर्यंत मेला आहे ते पाहतो. मामा म्हणाले, जावयाला एकट्याला विहिरीत सोडलं तर लोक आणखी काय म्हणतील. तेव्हा दोघेही उतरले. वर काठावर समिधा आणि रोहिणीताई दोर धरून उभ्या राहिल्या.

तळाशी घोट्याएवढं पाणी आणि गाळ होता. शार्दूलने रिंगवरच्या पांढऱ्या थरावर छिन्नी लावली. थर इतका पक्का की पहिल्या घावांना छिन्नी नुसती उसळली. त्याला क्षणभर अभिमान वाटला आणि त्याची लाजही. मग बोटभर जाडीचा पापुद्रा निसटला, भोक मोकळं झालं, आणि आतून थंडगार पाण्याची धार त्याच्या छातीवर आली.

तो बघतच राहिला. झरा मेला असता तर धार आली नसती. त्याने दुसरं भोक फोडलं, तिसरं फोडलं. प्रत्येकामागे पाणी दाटून उभंच होतं. त्याने बोट आत घालून मागचा खडक चाचपला. ओला, खरबरीत, फटी जशाच्या तशा. मग तो खाली वाकला. रिंग तळापासून हातभर वरच संपत होती, आणि पांढरी साय नेमकी तिथेच, फूटपट्टीने आखल्यासारखी थांबली होती. त्याखालच्या काळ्या खडकावर पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

“सर, पाणी आलं का हो?” वरून रोहिणीताईंनी विचारलं.

मामा पाण्यात एका बाजूला काहीतरी शोधत होते. त्यांनी गाळात हात घातला, वरचा चिखल बाजूला सारला आणि हात जोडले. गाळातून एक वशिंड वर आलं होतं. मग पाठ, मग मान. काळा, घट्ट पाषाण, त्यात बारीक चमकणारे कण, गळ्यातल्या घुंगुरमाळेचा एकेक मणी वेगळा दिसेल असं कोरीव काम. डावा कान नव्हता.

“मामा, हा कोण?”

“हा आपला जुना. कान मोडला तवा खंडित झाला. खंडिताची पूजा चालत न्हाई, म्हणून वडलांनी हितं सोडला.”

शार्दूलने ओंजळीने पाणी टाकून त्याची पाठ धुतली. संक्रांतीपासून हा नंदी दोन घागरी विरजणात बसून होता. त्याच्या अंगावर चुन्याचा एक कणही धरलेला नव्हता. पाटा, जातं, घरचा ओटा, प्रयोगशाळेतले वास मारणारे तुकडे, सगळे शार्दूलच्या डोळ्यांपुढून ओळीने गेले.

“मग वरचा?”

मामांनी रिंगकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, वर आपल्या मुलीकडे पाहिलं.

“तुम्ही जुना का इचारलं, मी जुनाच म्हणालो. कशाचा ते तुम्ही इचारलं न्हाई. मागून सांगणार हुतो, तर तुमचा फोटोच आला पेपरात. जावयाला चारचौघात खोटं कसं पाडायचं?”

“समिधा,” शार्दूलने वर बघून विचारलं, “तुला माहीत होतं?”

“काय?”

“वरचा नंदी कशाचा आहे ते.”

“सगळ्या गावाला माहीत आहे,” समिधा वरून म्हणाली. “मला वाटलं, तू शास्त्रज्ञ आहेस, तुला दिसतच असेल.”

पाणी चढत होतं. जुन्या नंदीचे गुडघे बुडाले, मग गळ्यातली माळ बुडाली. शार्दूल दोर धरून वर आला आणि ओल्या कपड्यांनीच नंदीपुढे जाऊन उभा राहिला. पिवळ्या पट्टीखालून त्याने बुजलेल्या कानामागचं तेल नखाने थोडं खरवडलं. खाली करडा, पोकळ वाजणारा, वाळूचे खडे दिसणारा पृष्ठभाग निघाला.

नंदी सिमेंटचा होता. ओढ्यावरच्या पुलाच्या कामातून उरलेल्या चार गोण्यांचा.